ताकद वाढते, सोसणे घटते

पोलादी गर्डरवर काँक्रीटचा स्लॅब नुसता टाकून ठेवला, तर दोघे एकमेकांच्या अंगावर असूनही वेगवेगळेच काम करतात. वरून वजन आले की गर्डर आपल्या परीने वाकतो, स्लॅब आपल्या परीने, आणि दोघांच्या मधल्या पृष्ठभागावर थोडी घसरण होते. ही घसरण अडवली की चित्र पालटते. काँक्रीट वरचा दाब घेते, पोलाद खालचा ताण घेते, आणि कमी पोलादात जास्त भार पेलणारा एकसंध छेद तयार होतो. आजचे कितीतरी पूल आणि उंच इमारतींचे मजले याच युक्तीवर उभे आहेत. घसरण अडवण्याचे काम करतात ते गर्डरच्या वरच्या फ्लँजवर, म्हणजे आडव्या पट्टीवर, ओळीने वेल्ड केलेले, जाड टोपीच्या खिळ्यासारखे दिसणारे शिअर स्टड. नेहमीचा स्टड १९ मिलिमीटर जाड आणि साधारण १०० मिलिमीटर उंच असतो. स्लॅब ओतला की तो कायमचा दृष्टीआड होतो. कडाक्याच्या थंडीत अशा पुलाचे काय होते, हे विचारायचे असेल तर गर्डरला किंवा स्लॅबला विचारून भागत नाही. प्रश्न या स्टडच्या बुडाशी विचारावा लागतो. तिथे मिळणारे उत्तर प्रथमदर्शनी उलटे वाटते: थंडी या सांध्याची ताकद सहसा कमी करत नाही, उलट वाढवते. ती कमी करते सांध्याची सोसण्याची क्षमता, म्हणजे तुटण्याआधी वाकण्याची, सरकण्याची, भार शेजाऱ्याकडे सोपवण्याची तयारी. म्हणून थंड प्रदेशातला सांधा 'किती टन घेतो' या एकाच मापाने जोखणे चुकीचे आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी पोलादाचे पाहू. पोलादाला ताण दिला की त्याच्या स्फटिकांमधल्या अणूंच्या रांगा एकमेकींवरून सरकतात. सगळी रांग एकदम सरकत नाही. रचनेतला एखादा दोष पुढे पुढे सरकत जातो आणि त्याच्याबरोबर रांगही. या सरकण्याला अणूंच्या उष्णताजन्य थरथरीची मदत होते. तापमान उतरले की थरथर मंदावते, दोष हलवायला अधिक जोर लागतो, आणि पोलाद 'मजबूत' होते. त्याला कायमचा बाक येण्यासाठी लागणारा ताण वाढतो. पण स्फटिकाची पातळी सरळ उकलण्यासाठी, म्हणजे फोडण्यासाठी, लागणारा ताण थंडीने फारसा बदलत नाही. वाकवणारा ताण वर चढत चढत फोडणाऱ्या ताणाला गाठतो, त्या तापमानाखाली पोलाद वाकण्याआधी फुटते. हे तापमान प्रत्येक पोलादाचे वेगळे असते. कार्बन आणि गंधक जास्त असेल, कण मोठे असतील, पत्रा जाड असेल, खाच तीक्ष्ण असेल, भार अचानक आला असेल, तर ते वर सरकते. ते ओळखण्याची नित्याची रीत म्हणजे चार्पी चाचणी. १० बाय १० मिलिमीटर छेदाचा, ५५ मिलिमीटर लांबीचा तुकडा घ्यायचा, त्याला २ मिलिमीटर खोल खाच पाडायची, ठरलेल्या तापमानाला थंड करायचा आणि झुलत्या हातोड्याने एका फटक्यात तोडायचा. तोडताना किती ऊर्जा खर्च झाली ते मोजायचे. बांधकामाच्या साध्या पोलादासाठी २७ ज्यूल ही ओळखीची किमान अट आहे. भारतीय मानक २०६२ मध्ये पोलादाच्या दर्जापुढे 'ए', 'बीआर', 'बीओ', 'सी' अशी जी अक्षरे येतात, त्यांचा मुख्य अर्थ ही चाचणी करायची का आणि कोणत्या तापमानाला करायची, हा आहे. 'बीओ'साठी शून्य अंश, 'सी'साठी उणे २०.

काँक्रीटची गोष्ट पाण्याची आहे. घट्ट झालेल्या काँक्रीटमध्ये असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांत पाणी असते. मोठ्या छिद्रांतले पाणी शून्याच्या थोडे खाली गोठते. जितके छिद्र बारीक तितके ते गोठायला अधिक थंडी लागते, आणि अतिसूक्ष्म छिद्रांतले पाणी उणे ४० अंशांच्या आसपासही पूर्ण गोठलेले नसते. बर्फ छिद्रे भरून काढतो, भिंतींना चिकटतो, आणि काँक्रीट अधिक दाब सोसू लागते. अमेरिकेत मॉनफोर आणि लेंट्झ यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांनी हे स्पष्ट दाखवले. अतिशीत तापमानात ओल्या काँक्रीटची दाब सोसण्याची ताकद दुपटीच्याही पुढे गेली, कोरड्या काँक्रीटची मात्र थोडीच वाढली. म्हणजे ही वाढ काँक्रीटची स्वतःची नव्हे, त्यातल्या बर्फाची आहे. बर्फ वितळला की ती जाते. आणि जाताना काही नुकसान मागे ठेवू शकते, कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते. छिद्रे पाण्याने काठोकाठ भरलेली असतील तर हा फुगवटा जायला जागा शोधतो आणि ती नसेल तर भेगा पाडतो. थंड प्रदेशात काँक्रीटमध्ये मुद्दाम हवेचे बारीक बुडबुडे सोडतात ते याचसाठी. टी. सी. पॉवर्स यांनी १९४०च्या दशकात मांडलेल्या विचारातून पुढे असा दंडक रूढ झाला की कुठल्याही जागेपासून जवळचा बुडबुडा साधारण ०.२ मिलिमीटरच्या आत असावा.

आता हे दोन्ही बदल स्टडच्या बुडाशी एकत्र आणू. स्टडचा सांधा दोन प्रकारे हार पत्करतो. एक तर स्टडसमोरचे काँक्रीट चिरडते, नाहीतर स्टडचा दांडाच कातरला जातो. यातले जे आधी होईल ती सांध्याची ताकद. युरोपच्या संमिश्र बांधकामाच्या संहितेतली सूत्रे लावली, तर ३० मेगापास्कल ताकदीच्या काँक्रीटमधला १९ मिलिमीटरचा स्टड काँक्रीटच्या हिशोबाने सुमारे ८३ किलोन्यूटन आणि दांड्याच्या हिशोबाने सुमारे ८२ किलोन्यूटन घेतो, म्हणजे दोन्हीकडून आठ टनांच्या जरा वर. हा जवळजवळ समतोल आहे, आणि तो उपकारक आहे. काँक्रीट थोडे चिरडते, स्टड थोडा वाकतो, आणि सांधा काही मिलिमीटर सरकून मग तुटतो. समजा, थंडीने ओल्या काँक्रीटची ताकद दुप्पट केली. त्याच सूत्राने काँक्रीटची बाजू सुमारे १२८ किलोन्यूटनपर्यंत चढते. पोलादाची ताकद मात्र दहा-पंधरा टक्केच वाढते, म्हणजे दांड्याची बाजू फार तर ९५च्या आत राहते. एकूण ताकद वाढलीच, यात शंका नाही. पण समतोल मोडला. काँक्रीट आता दगडासारखे ताठ उभे राहते, स्टडला वाकायला जागा देत नाही, आणि सगळा भार दांड्याच्या अगदी बुडाशी, वेल्डच्या कड्याजवळ एकवटतो. सांधा चिरडून सरकण्याऐवजी कातरून तुटण्याकडे झुकतो.

यावर कोणी म्हणेल, ताकद वाढली ना, मग तुटण्याची रीत कोणती का असेना. ताकद वाढणे म्हणजे सुरक्षेच्या बाजूलाच जाणे. एकटा स्टड असता तर हा युक्तिवाद मी मान्य केला असता. पण गर्डरवर शेकडो स्टड असतात आणि त्यांच्यावर भार सारखा येत नाही. टोकांकडच्या स्टडांवर जास्त येतो, मधल्यांवर कमी. तरीही आपण हिशोबात बहुतेकदा तो सारखा वाटलेला धरतो, आणि हे धरणे चालते ते केवळ एका कारणाने: ज्याच्यावर जास्त भार येतो तो स्टड थोडा सरकतो आणि जादा भार शेजाऱ्यांकडे जातो. पालखीच्या भोयांपैकी उंच भोई खांदा थोडा खाली घेतो तसेच हे आहे. त्याने खांदा ताठच ठेवला तर पालखी त्याच्या एकट्यावर येते. युरोपीय संहितेने याला आकडा दिला आहे. स्टड किमान ६ मिलिमीटर सरकू शकत असेल, तरच भार सारखा वाटला गेला असे धरायला मुभा आहे. फार मजबूत काँक्रीटमध्ये स्टडांची ही घसरण घटते, हे साध्या तापमानातल्या चाचण्यांतूनही माहीत आहे. गोठलेले काँक्रीट हे या दृष्टीने फार मजबूत काँक्रीटच आहे. शिवाय थंडी भार वाटण्याची गरज वाढवते. गर्डरचा उघड्यावरचा पातळ वेब, म्हणजे दोन फ्लँजमधला उभा पत्रा, काही वेळात गार होतो, जाड स्लॅब सावकाश. ४० मीटर लांब गर्डर स्लॅबपेक्षा १० अंशांनी जास्त गार झाला, तर तो एकटा असता तर ४.८ मिलिमीटर जास्त आखडला असता. स्टड त्याला तसे करू देत नाहीत, आणि ही ओढ गर्डरच्या दोन टोकांपाशी जमा होते. वाहतुकीचा भारही तिथल्याच स्टडांवर जास्त असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गेल्या काही वर्षांत सिंगापूर आणि तियानजिन इथल्या संशोधकांनी आर्क्टिकमधल्या बांधकामांचा विचार करून स्टडांच्या चाचण्या घेतल्या आहेत. पोलादी आय-छेदाच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे ठोकळे स्टडांनी जोडायचे, सगळा नमुना थंड करायचा आणि मधला छेद खाली दाबत न्यायचा, अशी ही रीत. आर्क्टिकसारख्या तापमानातही स्टड काचेसारखे फुटले नाहीत आणि त्यांची ताकद वाढलेलीच दिसली. मग भीती कसली? हा पुरावा मी पूर्ण मानतो, आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. स्टडवर मुख्यतः कातर येते, आणि पोलाद ठिसूळपणे फुटते ते प्रामुख्याने ओढीखाली. काँक्रीटमध्ये चहूबाजूंनी धरलेला, कातर सोसणारा सडपातळ दांडा हा त्या मानाने सुखरूप आहे. पण प्रयोगशाळेतला नमुना नवा असतो, वेल्ड काळजीपूर्वक केलेले असते आणि भार सावकाश चढतो. पुलावरच्या स्टडने लाखो वेळा भार खाल्लेला असतो. आणि मुख्य म्हणजे या चाचणीत स्टड पारखला जातो, ज्या फ्लँजवर तो उभा आहे ती फ्लँज नाही. सलग पुलात मधल्या खांबांवर गर्डरचा वाक उलटा होतो. तिथे वरच्या फ्लँजला ओढ बसते, आणि तिच्यावर तर स्टडांच्या ओळी वेल्ड केलेल्या असतात. प्रत्येक वेल्ड म्हणजे आकारातला अचानक बदल, वितळून झपाट्याने थिजलेला कडक पट्टा आणि आत अडकून राहिलेला ताण. म्हणून थकव्याच्या हिशोबात संहिता अशा फ्लँजला साध्या पत्र्यापेक्षा खालचा दर्जा देते. थकव्याने पडलेली केसासारखी भेग हीच थंडीला हवी असलेली खाच असते.

इतिहासातले पूल हेच सांगतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात त्र्वा-रिव्हिएर इथे सेंट मॉरिस नदीवरचा द्युप्लेसी पूल ३१ जानेवारी १९५१च्या पहाटे तीनच्या सुमारास कोसळला. तापमान उणे ३० अंशांच्याही खाली होते, आणि पूल जेमतेम तीन वर्षांचा होता. वर्षभर आधीच्या हिवाळ्यात त्याच्या गर्डरना तडे गेलेले सापडले होते आणि दुरुस्ती झाली होती. प्रांताच्या पंतप्रधानांनी घातपाताचा आरोप केला, पण कारण पोलादात होते. त्यात कार्बन आणि गंधक जास्त होते, आणि असे पोलाद त्या थंडीत वेल्ड केलेल्या गर्डरसाठी योग्य नव्हते. याच्या शेजारी मेलबर्नचा किंग स्ट्रीट पूल ठेवा. १० जुलै १९६२ रोजी, तिथल्या हिवाळ्यातल्या सकाळी, सुमारे ४५ टनांची गाडी जात असताना त्याचा एक गाळा खचला. पूल सव्वा वर्षाचाही नव्हता. थंडी होती, पण पारा शून्याच्या वरच होता. तडे गेले ते खालच्या फ्लँजला जिथे जादा पट्टी जोडली होती, त्या पट्टीच्या टोकाच्या आडव्या वेल्डपाशी. एक पूल कडाक्याच्या थंडीत फुटला, दुसरा साध्या गारठ्यात. धोक्याचे तापमान हवामान खात्याच्या नोंदीत सापडत नाही. ते पोलादाची जात आणि जोडाची घडण मिळून ठरवतात.

ही जुन्या पोलादाची गोष्ट झाली, आजचे पोलाद स्वच्छ आहे, असेही म्हटले जाते. स्वच्छ आहे हे खरे. तरी १३ डिसेंबर २००० रोजी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या होन पुलाच्या एका गाळ्याचे तीनपैकी दोन गर्डर आरपार तुटले आणि तिसऱ्यालाही तडा गेला. तपासात त्या पोलादाची चार्पी मूल्ये ठरलेल्या अटीत बसतात असे दिसले. दोष होता एका छोट्या जागेत. आडव्या पट्ट्यांना जोडणारी पाटी, उभी पट्टी आणि गर्डरचा वेब ही तिन्ही वेल्डने एका कोपऱ्यात जवळजवळ भिडली होती. पोलाद वाकते ते कातरीने. त्याला तिन्ही दिशांनी एकदम ओढले, तर कातरायला वाव उरत नाही, आणि प्रयोगशाळेत उत्तम वागणारे पोलादही तिथे उकलते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दोन गर्डर तुटूनही पूल पडला नाही. रस्ता मीटरभर खचला, पण स्लॅबने आणि तिसऱ्या गर्डरने भार धरून ठेवला. अशा क्षणी स्लॅब आणि गर्डर यांच्यातल्या सांध्याकडून जे मागितले जाते ते नित्याचे नसते. ओढ, उचल, मोठी घसरण, सगळे एकदम. राखीव ताकदीपेक्षा राखीव सोसणे तिथे जास्त कामी येते.

सांधा घडतानाच्या थंडीकडे आपल्याकडे फार कमी लक्ष जाते, आणि मला ती सर्वांत चिंतेची वाटते. हिमालयातल्या कामावर रात्रभर उघड्यावर राहिलेली गर्डरची फ्लँज पहाटे शून्याच्या बरीच खाली असते. तिच्यावर ताजे काँक्रीट ओतले, तर पोलाद त्याची ऊब झटकन ओढून घेते. वरचे काँक्रीट ताडपत्रीखाली नीट मुरते, पण फ्लँजला टेकलेला काही मिलिमीटरचा थर घट्ट होण्याआधीच गोठतो. काँक्रीटने साधारण ३.५ मेगापास्कल ताकद धरण्याआधी ते गोठले, तर त्याची घडण कायमची बिघडते. स्टडचा भार मुख्यतः त्याच थरात, बुडाशी उतरतो. वरून घेतलेल्या ठोकळ्यांच्या चाचण्या उत्तम येतील आणि सांधा कच्चा राहील. म्हणून ओतण्याआधी पोलाद शून्याच्या वर आणणे हे काँक्रीट गरम ठेवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. वेल्डिंगचेही तसेच. स्टड वेल्ड होतो तो सेकंदापेक्षा कमी वेळात. थंडगार जाड फ्लँज ती उष्णता गिळते, वेल्डभोवतीचा पट्टा कडक आणि ठिसूळ होतो. अमेरिकेच्या वेल्डिंग संहितेने उणे १८ अंशांखालच्या पोलादावर स्टड वेल्ड करायला मनाई केली आहे. पोलाद शून्याखाली असेल तर दर शंभर स्टडांमागे एक जादा स्टड हातोड्याने साधारण १५ अंश वाकवून पाहायचा असतो. बुडाशी तडा दिसला नाही तर वेल्ड पास. बाहेरून अगदी साधी वाटणारी ही चाचणी योग्य तीच गोष्ट विचारते, किती घेतोस हे नव्हे, वाकतोस का.

थंडी सांध्याची शत्रूच असते असा निष्कर्ष मात्र काढू नये. पोलादी नळी किंवा पेटी काँक्रीटने भरली, तर चित्र वेगळे होते. पोलाद काँक्रीटपेक्षा थोडे जास्त आखडते, त्यामुळे गारठ्यात नळी आतल्या गाभ्याला आवळते आणि दोघांची पकड घट्ट होते. तिबेटमध्ये ल्हासा ते न्यिंगची रेल्वेवरचा झांगमू पूल ४३० मीटर गाळ्याच्या अशाच भरलेल्या नळ्यांच्या कमानीवर उभा आहे. जम्मू-काश्मीरमधला चिनाब पूल जून २०२५ मध्ये वाहतुकीसाठी खुला झाला. नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच, ४६७ मीटर गाळ्याची कमान, आणि तिच्या पोलादी पेट्यांतही काँक्रीट भरलेले आहे.  अशा कमानीत रात्रीच्या थंडीपेक्षा दुपारच्या उन्हाकडे जास्त लक्ष द्यावे लागते. उंचावरच्या कडक उन्हात बाहेरचे पोलाद तापून फुगते, आतला गाभा थंडच राहतो, आणि दोघांत फट पडू पाहते. म्हणजे त्याच दोन सामग्री, तेच हवामान, पण सांध्याची घडण बदलली की थंडीची भूमिकाही बदलते.

आपल्याकडच्या नकाशांत 'सी' दर्जाचे पोलाद लिहिले की थंडीचा प्रश्न सुटला, असे मानायची सवय आहे. ते अक्षर कारखान्यातून आलेल्या पत्र्याबद्दल बोलते. वेल्डच्या धातूबद्दल आणि वेल्डशेजारच्या तापून बदललेल्या पट्ट्याबद्दल ते काहीच सांगत नाही. त्यांच्या चार्पी चाचण्या वेगळ्या मागाव्या लागतात, पत्र्यासाठी ठरवलेल्याच तापमानाला. खर्चाचे कारण पुढे केले जाते, पण पुलाच्या एकूण खर्चात या चाचण्यांचा वाटा नगण्य असतो.

पुलांना सोसाव्या लागणाऱ्या थंडीहून कितीतरी जास्त थंडीशी आपल्या कोकणातच गाठ पडते, तीही हवामानाची नसून मालाची. दाभोळच्या टर्मिनलवर द्रवरूप नैसर्गिक वायू येतो, त्याचे तापमान सुमारे उणे १६२ अंश. या प्रकारच्या मोठ्या टाक्यांत आतले भांडे ९ टक्के निकेल असलेल्या पोलादाचे असते, कारण निकेल पोलादाला त्या थंडीतही वाकते ठेवते. बाहेरची भिंत पूर्वताणित काँक्रीटची असते, आणि दोघांना जाणूनबुजून जोडलेले नसते. मध्ये उष्णतारोधक भरलेले असते. काँक्रीटची भिंत जिथे तळाला मिळते तो कोपरा आधीच जास्त ताणात असतो. आतून गळती झाली आणि द्रव तिथे साचला, तर भिंत आखडू पाहील आणि तळ तिला आखडू देणार नाही. म्हणून त्या कोपऱ्यात उष्णतारोधकाचा जादा थर आणि निकेल पोलादाचा दुसरा पत्रा काही मीटर उंचीपर्यंत लावलेला असतो. भिंतीच्या वरच्या भागाला हे संरक्षण लागत नाही.